अंदमानसाठी बॅग भरणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अंदमानला जाताना चार सुती कपडे, टोपी, टॉर्च, उलटीची गोळी आणि थोडी जास्त रोकड एवढं पुरतं. पण एवढ्यावर भागवणाऱ्याला घरात कुणी गांभीर्याने घेत नाही. ज्यांना रीतसर बॅग भरायची आहे, त्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

पायरी १ : यादी
याद्या दोन कराव्यात. ‘लागतंच’ आणि ‘लागलं तर’. पहिली पाच मिनिटांत संपते. दुसरीत इस्त्री, स्वेटर, पाहुणे भेटलेच तर द्यायला ब्लाऊजपीस, असं लिहीत जावं. तिथे जानेवारीतही पारा सहसा विशीच्या खाली उतरत नाही, असं कुणी म्हणालं तर “असू दे, काय खायला मागतोय का स्वेटर?” असं विचारावं. या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. नायलॉनची दोरी आणि चिमटे मात्र जागा खातात म्हणून वगळावेत. तिथल्या दमट हवेत जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, हे तिथे गेल्यावर कळतंच.

पायरी २ : कपडे
सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा असे माणशी रोज तीन जोड. संध्याकाळचा सर्वांत भारी असावा. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) मुंबईच्या पूर्वेला जवळपास २० रेखांश आहे, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे सूर्य तिथे साधारण ८० मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात तो पाचच्या सुमाराला बुडतोही. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला म्हणून सगळे चहा पिऊन, पावडर लावून निघतात, तोवर काळोख पडलेला असतो आणि भारी जोड कुणाला दिसत नाही. टॉर्च? तो हेअर ड्रायर मावेना म्हणून बाहेर काढला होता.

पायरी ३ : खाऊ
बेटावर जेवायला मिळत नाही, हे गृहीत धरावं. वरण-भात-पोळी मिळते असं जाऊन आलेले सांगतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. चकल्या, मेथीचे लाडू, भडंग, थालीपिठाची भाजणी, मेतकूट घ्यावं. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नये, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानातही चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेईल ही भीती. सासूबाईंनी तरीही दोन वाट्या रुमालात बांधून दिल्या, तर आपण नारळाच्या बेटावर खोबरं नेतोय हे त्यांना सांगायला नवऱ्याला पुढे करावं.

पायरी ४ : वजन
देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात चालतं. घरच्या काट्यावर बॅग उचलून उभं राहावं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करावं. इथे काट्यावर कोण उभं राहणार यावरून वाद होतो. कारण वजाबाकी सगळ्यांसमोर, मोठ्याने करावी लागते. विमानतळावर काटा १८ दाखवतो. मग काउंटरपाशी बॅग फरशीवर उघडावी, आतले कपडे मागच्या रांगेला दिसू द्यावेत, स्वेटर अंगात घालावा आणि लाडवांचा डबा काकूंच्या पर्समध्ये कोंबावा. पॉवर बँक तेवढी हातातच ठेवावी. ती चेक-इनमध्ये घेत नाहीत.

पायरी ५ : जहाज
स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, इथे बोटीने जावं लागतं. उलटीची गोळी सर्वांत मोठ्या बॅगेच्या तळाशी असावी. ती बॅग बोटीवर सामानाच्या ढिगात, सगळ्यात खाली असते.

बोटीने परत आल्यावर सेल्युलर जेल पाहायचं तर ते कोणत्या दिवशी बंद असतं, हे आधी विचारून घ्यावं. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढायची तयारी ठेवावी. १९११ ते १९२१ ही वर्षं त्यांनी अंदमानच्या कैदेत काढली. त्या कोठडीत उभं असताना हॉटेलवरच्या आपल्या चार बॅगा आठवल्या, तर मान खाली घालावी आणि मुकाट्याने जिना उतरावा.

पायरी ६ : परतीची बॅग
किनाऱ्यावरचं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि निघताना विमानतळावर सामान तपासतात. कित्येक शंखही याच कायद्यात येतात. म्हणजे शेजाऱ्यांना द्यायला काय उरलं? मेथीचे लाडू. डबा तसाच परत आलेला असतो. त्यांना “अंदमानहून आणलेत” म्हणून द्यावेत. शेजारी चवीने खातात आणि म्हणतात, तिकडेही अगदी आपल्यासारखेच करतात की हो!