चिमणी, माळढोक आणि विमान

सोलापूरला विमानतळ नव्हता असं जो म्हणतो, तो सोलापूरचा नव्हे. विमानतळ होताच. होटगी रोडला, भक्कम कुंपणाच्या आत, धावपट्टीसकट, विमानतळ प्राधिकरणाच्या पाटीसकट. जगातल्या विमानतळांच्या वहीत त्याला ‘एसएसई’ अशी तीन अक्षरंही मिळालेली होती. कमी होतं ते फक्त विमान. आता एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एखादी वस्तू कमी असली, तर तिच्यावरून गावभर बोभाटा करण्याची आपल्याकडे रीत नाही. आमच्या जुन्या गिरण्यांमध्ये सूत उरलं नाही, माग उरले नाहीत, कामगार उरले नाहीत. पण पुढची कितीतरी वर्षं आम्ही तो भाग गिरणगाव म्हणूनच ओळखत आलो. मग विमानाविना विमानतळ तरी का चालू नये?

शिवाय विमानं अगदीच येत नव्हती, असं म्हणणं हा राजकीय वर्गावर अन्याय होईल. निवडणूक आली की येत. आषाढीच्या दिवसांत येत. कुणा साहेबांच्या घरी लग्न निघालं की येत. त्या दिवशी होटगी रोडचे खड्डे आदल्या रात्रीत बुजत, पोलीस उन्हात उभे राहत, गुच्छवाले खूश होत. छोटं पांढरंशुभ्र विमान अलगद उतरे, साहेब पायऱ्या उतरून गाडीत बसत, आणि संध्याकाळी तितक्याच अलगद विमान उडून जाई. ही विमानं कशालाही अडकल्याचं ऐकिवात नाही. अडकायची ती फक्त तिकीट काढून बसायची विमानं. जाणकार सांगतात की लहान विमानाला नियम वेगळे आणि सत्तर माणसांच्या विमानाला वेगळे. असतील. सोलापूरकराला त्यातलं एवढंच कळलं की विमानात माणसं जितकी कमी, तितकं आकाश मोकळं.

मध्ये एक सोन्याचा काळ येऊन गेला. २००९-१० च्या सुमारास किंगफिशरचं पंख्याचं विमान सोलापूर-मुंबई करू लागलं. त्याही आधी शहरात विमानाच्या गप्पा होत्या, पण या काळात शहरात विमानाच्या तिकिटाच्या गप्पा सुरू झाल्या, हा मोठा फरक. गरज असो-नसो, ‘परवा मुंबईला जाऊन आलो, सकाळी गेलो आणि...’ अशी वाक्यं कानावर पडू लागली. वाक्यं पुरी व्हायच्या आत विमान बंद पडलं. पुढे २०१२ मध्ये कंपनीच जमिनीवर बसली, आणि २०१६ मध्ये तिचे मालक विमानात बसून लंडनला गेले. अर्थात सोलापूरहून नव्हे.

इथे एक तारीखवार मुद्दा नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या गदारोळात तो हरवला. किंगफिशर गेलं तेव्हा ती सुप्रसिद्ध चिमणी उभीच नव्हती.

चिमणी नंतरची. विमानतळाच्या शेजारी कुमठ्याला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. त्यानं उसाच्या चिपाडावर वीज करायचा प्रकल्प काढला आणि त्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी बांधली. ती धावपट्टीच्या एका टोकासमोर, विमानाच्या उतरायच्या वाटेवर आली. विमानतळाभोवती एक अदृश्य उतरतं छप्पर असतं. धावपट्टीजवळ काय किती उंच असावं याचं माप त्यावरून ठरतं. त्या छपरातून चिमणीनं डोकं वर काढलं. बांधकामाला परवानगी नाही, असं महापालिका म्हणाली. कारखान्याचं म्हणणं वेगळं. मग नोटीस, सुनावणी, स्थगिती, पुन्हा नोटीस. ९० मीटरची वस्तू उभी राहीपर्यंत कुणाच्याच नजरेला कशी पडली नाही, हा प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो. आपल्याकडे बांधकाम दिसायला लागतं ते पूर्ण झाल्यावर.

या चिमणीनं सोलापूरवर जे उपकार केले, त्यांची नोंद व्हायला हवी. तोवर शहर अनेक गटांत विभागलेलं होतं. चिमणीनं ते दोनच गटांत आणलं. एका बाजूला विमान हवं म्हणणारे, साखळी उपोषणाला बसलेले. दुसऱ्या बाजूला ऊस उत्पादक सभासद, मोर्चा काढून आलेले. पहिल्यांना वाटे की चिमणी पडली की दुसऱ्या दिवशी विमान येणार, विमानातून उद्योगपती उतरणार आणि पुण्याला गेलेली आमची पोरं परतीच्या तिकिटावर घरी येणार. दुसऱ्यांना वाटे की चिमणी पडली की गाळप बसणार आणि ऊस बांधावर वाळणार. दोघांचाही चिमणीच्या सामर्थ्यावर पूर्ण विश्वास होता. एवढी श्रद्धा आमच्याकडे एका ग्रामदैवताच्या वाट्याला येते. आणि कारखान्याला नावही त्याच दैवताचं असल्यानं दोन्ही गटांना ‘सिद्धेश्वर महाराज की जय’ म्हणायची सोय होती.

पुढाऱ्यांची सोय तर त्याहून मोठी. सोलापुरात उद्योग का येत नाहीत? चिमणी. आयटी पार्क का नाही? चिमणी. हैदराबाद जवळ असून तिकडचा पैसा इकडे का वळत नाही? चिमणी. दक्षिण सोलापुरातच एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, त्याची चिमणी हिच्यापेक्षा कितीतरी उंच. पण ती विमानाच्या वाटेपासून लांब आणि केंद्र सरकारची. अडथळा म्हणून नेमणूक व्हायला नुसती उंची पुरत नाही, माणसं आपली असावी लागतात.

अखेर १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. जमावबंदी, पोलीस बंदोबस्त, वाहिन्यांचे कॅमेरे. काही सेकंदांत ती आडवी झाली, धुळीचा लोट उठला आणि तो खाली बसायच्या आत शहरातल्या प्रत्येक मोबाईलवर तिचा शेवट येऊन पोचला. त्या संध्याकाळी एका गटाच्या घरी पेढे आले, दुसऱ्याच्या घरी चूल थंड होती. आणि चौकाचौकात एकच प्रश्न सुरू झाला, “विमान कधी येलालंय बे?”

विमान येलालंच होतं. पण आधी धावपट्टी नीट करायची होती. मग इमारत नीट करायची होती. मग कुंपण. मग परवाना. परवान्याला तपासणी, तपासणीला तारीख, तारखेला साहेब. इतकी वर्षं चिमणीमागे उभं असलेलं हे सगळं चिमणी पडल्यावर एकदम दिसू लागलं, आणि तिनं किती जणांची अब्रू झाकली होती ते कळलं. खाली पडल्यावरही एवढं काम करणारी दुसरी चिमणी जिल्ह्यात नसेल.

उद्घाटनाचीही एक गंमत. पंतप्रधान पुण्याला यायचे होते २६ सप्टेंबर २०२४ ला. पावसानं दौरा रद्द झाला. मग २९ तारखेला त्यांनी दिल्लीहून पडद्यावरून पुण्याच्या मेट्रोसोबत सोलापूरच्या विमानतळाचं लोकार्पण केलं. ज्या विमानतळावर विमान येत नाही, त्याच्या उद्घाटनालाही कुणी विमानानं येऊ नये, यात एक तात्त्विक सुसंगती आहे. सरकारी पत्रकात आकडा आला: नूतनीकरण केलेल्या इमारतीची क्षमता वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार प्रवासी. म्हणजे दिवसाला अकराशेच्या वर. पुढचे सव्वाआठ महिने त्या क्षमतेवर एकाही प्रवाशाचा ताण पडला नाही. क्षमता जशीच्या तशी, कोरी करकरीत राहिली. प्रवाशांविना वापरलेली इमारत किती स्वच्छ राहते, याचा अभ्यास करायला आमच्या एसटी स्टँडच्या अधिकाऱ्यांना तिथे पाठवायला हवं होतं.

सुविधांचं म्हणाल तर सगळ्या आहेत. सामान तपासायचं यंत्र आहे, ते सामान नसतानाही होतं. बसायला खुर्च्या आहेत. शेंगाची चटणी विमानात चालते का, हा प्रश्न शहराच्या दृष्टीनं चिमणीइतकाच ज्वलंत आहे. मुंबईच्या नातेवाइकाकडे सोलापूरकर मोकळ्या हातानं गेला असं इतिहासात घडलेलं नाही. एका हातात चटणी, दुसऱ्या हातात चादर. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून रात्र काढता येते, विमानात तोच गठ्ठा काट्यावर ठेवावा लागतो. आहेराची चादर पंधरा किलोंच्या हिशेबात बसवणं हे शास्त्र आमच्याकडे अजून बाल्यावस्थेत आहे.

आणि मग ९ जून २०२५. चिमणी पडून दोन वर्षांना सहा दिवस कमी असताना, तिकीट काढून बसायचं पहिलं विमान सोलापूरहून उडालं. गोव्याला!

मी गोव्याच्या विरोधात नाही. कुणीच नसतो. पण वस्तुस्थिती अशी, की आम्ही इतकी वर्षं भांडलो ते मुंबईसाठी. मंत्रालयात फाईल अडकते म्हणून, रुग्ण वेळेत पोचावा म्हणून, व्यापाऱ्यानं सकाळी जाऊन रात्री घरी यावं म्हणून. उपोषणाच्या मंडपात कुणी ‘समुद्रकिनारा’ हा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही. उसाची शेती, यंत्रमागाची पेठ आणि विडी वळणाऱ्या बायकांचं हे शहर. त्याच्या विकासाची पहिली झेप गोव्यातल्या मोप्याला जाऊन उतरली. मुंबईच्या विमानतळावर उतरायला वेळेची जागा मिळत नाही, हे कारण खरंच होतं. पण ज्यांना घरी ‘मंत्रालयात काम आहे’ असं सांगून निघायची सवय होती, त्यांची पहिल्या काही महिन्यांत फार कुचंबणा झाली.

सुरुवातीला हे विमान आठवड्यातून चार दिवस. शहराबाहेरचा माणूस यावर हसेल. सोलापूरकर हसला नाही, कारण त्याच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरणातल्या पाण्यापेक्षा गोव्याचं विमान जास्त वेळा दारात येतंय, हा प्रगतीचा पुरावा कोणत्याही पत्रकाशिवाय घरोघरी पोचला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं विमानही सुरू झालं. हे लिहिताना मला जरा भीती वाटते, कारण सगळं झाल्यावर सदर कशावर लिहायचं? सुदैवानं आपल्याकडे विमानसेवा ‘सुरू होणं’ आणि ‘सुरू राहणं’ ही दोन वेगळी खाती आहेत. उडान योजनेत स्वस्त तिकिटांमुळे येणारी तूट सरकार भरून देतं, तीन वर्षं. त्यात केंद्राचा मोठा वाटा, राज्याचा छोटा. सोलापूरसाठी राज्यानं वेगळी पदरमोडही कबूल केली. हवाई चप्पलवाल्यानं हवाई जहाजात बसावं, हा योजनेचा मूळ विचार. चप्पल त्याची, जहाजाचे पैसे आपले. तीन वर्षांनी काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको. सिंधुदुर्गातल्या चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये परस्परांचे कट्टर विरोधक एका मंचावर आणून विमानतळाचं उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तीन वर्षांची मुदत संपता संपता तेच विमान थांबलं. मालवणी माणूस त्यावर एक शब्द बोलला आणि रेल्वे स्टेशनकडे वळला. तो शब्द इथे छापता येत नाही.

आता बोरामणी. होटगी रोडचा विमानतळ लहान, चारी बाजूंनी शहर. म्हणून हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला आंतरराष्ट्रीय विमानतळ करायचं ठरलं, त्यालाही दीड दशक उलटलं. साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जमीन घेतली. थोडी वनजमीन राहिली, आणि तिथे पक्षी आडवा आला.

माळढोक. पंधरा किलोंपर्यंत वजन भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत जड गड्यांपैकी एक. त्याच्यासाठी जिल्ह्यातल्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. कागदावर तालुक्यांचे तालुके, गावं, बाजारपेठा, तहसील कचेऱ्या सगळं अभयारण्यात गेलं. शेतकऱ्याला विहीर खणताना पक्ष्याची आठवण ठेवावी लागे. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. अभयारण्य आकसलं तसा पक्षीही आकसला. आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, आणि सोलापुरात मोजणीला जाणारी माणसं ढिगानं असतात, मोजायला पक्षी मिळेल याची खात्री नसते. जो दिसत नाही, तो अडवतो कसा, असं विमानवाले विचारतात. त्यांनी हे विचारू नये. न दिसणाऱ्या विमानासाठी आम्ही दिसणारी चिमणी पाडली, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

सध्याची अडचण वेगळीच आहे. चिमणी गेली, माळढोक बोरामणीच्या फायलीत गुंतलेला, होटगी रोडला चालू काळासाठी अडथळाच उरलेला नाही. रात्री विमान उतरायची सोय हवी, अशी मागणी सुरू झाली आहे, पण अंधार हा काही कुणाच्या मालकीचा नाही, त्याच्यावर मोर्चा नेता येत नाही. उद्या विमान रद्द झालं, परवा एखादी सेवा बंद पडली, तर बोट दाखवायचं कुठे? सबब जिल्ह्याच्या हितासाठी नव्या अडथळ्याचे अर्ज तातडीनं मागवावेत. उंची किमान ९० मीटर. सहकारी संस्थेच्या मालकीचा असल्यास प्राधान्य. परवानगीची कागदपत्रं अर्धवट असणं अनिवार्य. किमान एक खटला उच्च न्यायालयात प्रलंबित असावा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज उंच असले तरी त्यांचा विचार होणार नाही, कारण ते एका जागी थांबत नाहीत आणि त्यांच्या मागे अख्खं शहर चालत असतं. अर्ज विमानतळावरच स्वीकारले जातील. विमान नसलेल्या दिवशी गर्दी कमी असते.