गिऱ्हाइकाला नारळ

नोकराला नारळ देता येतो, भाडेकरूला नोटीस देता येते, लग्नसुद्धा कोर्टात जाऊन मोडता येतं. गिऱ्हाईक सोडायची सोय मात्र अजून कुणी केलेली नाही. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही छोट्या छापखान्यात तासभर बसून या. चहा मिळेल. बसायला गेल्या गणपतीत छापून घेतलेल्या आणि अजून न उचललेल्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा मिळेल.

नकोसं गिऱ्हाईक लांबूनही ओळखू येतं. "आपलं घरचंच काम आहे" म्हणत ते आत शिरतं, म्हणजे दरही घरचाच लावायचा. पत्रिकेच्या चौथ्या प्रुफात ते आत्याचं नाव गाळायला लावतं, पाचव्यात पुन्हा घालायला लावतं (मधल्या दोन दिवसांत आत्याने आहेर जाहीर केलेला असतो). शेवटी प्रुफावर स्वतः सही करतं आणि हजार प्रती निघाल्यावर विचारतं, "पण ही चूक तुमच्या लक्षात यायला नको का?"

निवडणुकीचं गिऱ्हाईक याहून थोर. प्रचारपत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार सक्तीचं आहे. त्यामुळे प्रेसवाला कुठे बसतो हे अख्ख्या मतदारसंघाला कळतं. निकाल लागल्यावर उमेदवार कुठे बसतो, हे प्रेसवाल्याला कळत नाही.

सरकारला या प्रेसवाल्यांची कणव नाही असं नाही. २००६ चा कायदा सांगतो की लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्या. नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत, आयकरात दाखवता येत नाही. यावर काही चतुर कंपन्यांनी उपाय शोधला: पैसे वेळेवर देण्यापेक्षा पुरवठादारालाच विचारायचं, "लघुउद्योजक म्हणून केलेली तुमची ती उद्यम नोंदणी रद्द करता का?" रोग्यानेच डॉक्टरची डिग्री काढून घेतली की रोग उरतोच कुठे!

तिप्पट व्याज मागून बघावं, तर "आपल्यात काय व्याज?" हा प्रश्न. आणि बिल फाडलेलं असल्यामुळे जीएसटी तर आधीच भरून झालेला. तो भरताना 'चेक साहेबांच्या सहीला गेलाय' असं सांगून चालत नाही.

खरी गोम उधारीत आहे. गिऱ्हाईक सोडायचं तर बाकीवर पाणी सोडावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते कधीच सगळं चुकतं करत नाही. तीस हजारांतले बावीस देतं, आठ हजार शेपटासारखे मागे ठेवतं आणि त्या शेपटाला धरून पुढचं काम टाकतं. प्रेसवाला जुने आठ बुडू नयेत म्हणून नवं काम घेतो. याला आपल्याकडे 'जुने संबंध' म्हणतात.

असं गिऱ्हाईक टाळायला 'मशीन बंद आहे' हे कारण दोनदा चालतं, तिसऱ्यांदा ते मेकॅनिक घेऊन येतं. दर दुप्पट सांगावा तर आनंदाने कबूल करतं, कारण द्यायचा कुणाला आहे? रामबाण उपाय एकच: "यापुढे सगळे पैसे आगाऊ." हे ऐकताच त्याचा स्वाभिमान जागा होतो. ते तडक उठतं आणि गावभर सांगत सुटतं, "त्या प्रेसवाल्याला मी काढून टाकलं." आठ हजारांचं मात्र नाव काढत नाही.