तालुक्याचं ब्लडप्रेशर

आमच्या तालुक्याचं ब्लडप्रेशर १२०/८० आहे. एकाचं नव्हे, सगळ्यांचं. ऊसतोडीहून परतलेली बाई, निवडणुकीत आपटलेले माजी सरपंच, सत्तरीतले दमेकरी आजोबा, रजिस्टरात सारे १२०/८०. बीपीच्या यंत्राचे सेल मार्चमध्येच उतरले, हा निव्वळ योगायोग.

२००८ साली एचएमआयएस पोर्टल आलं आणि आरोग्याची माहिती ठेवणं सोपं झालं. म्हणजे आधी नुसतं रजिस्टर भरायचं, आता रजिस्टर भरून पोर्टलही भरायचं. रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन. (मधल्या वेळात कुणाला लस टोचून झाली तर उत्तमच.) पोर्टल मात्र हुशार हं. जन्मलेल्या बाळांपेक्षा वजन केलेली बाळं जास्त भरली की लगेच हटकतं. वजनकाटा चालतो का, एवढंच ते विचारत नाही.

खरी कला हिमोग्लोबिनची. गरोदर बाईचं सातच्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. मग वेगळी यादी, पाठपुरावा, मोठ्या दवाखान्यात पाठवणं, गाडीची शोधाशोध आणि बैठकीत उभं राहून उत्तर. ६.८ चं ७.१ केलं की यातलं काहीच नाही. लोहाच्या गोळ्यांनी एवढं चढायला आठवडा-दोन आठवडे जातात. बॉलपेननं तिथल्या तिथे चढतं.

परवा तालुक्याला आढावा बैठक झाली. पडद्यावर रंगीत तक्ता. हिरवं म्हणजे शाबासकी, लाल म्हणजे कारणे दाखवा. एका केंद्रानं घरी झालेली तीन बाळंतपणं प्रामाणिकपणे नोंदवली होती, ते लाल. शेजारच्या केंद्रात घरी कुणी बाळंत होतच नाही, त्यांना गुलाबाचं फूल.

"तुमच्याकडेच कसं हो होतं हे?" साहेबांनी विचारलं.

"ओढ्याला पूर होता, सर. गाडी पलीकडे अडकली."

"मग तो पूर कुठल्या रकान्यात भरलाय?"

आशाताईंनाही बोलावलं होतं, सभागृह भरलेलं दिसावं म्हणून. मागच्या रांगेतल्या एकीच्या पिशवीत शंभरपानी वही होती. तीत पेन्सिलनं एका बाईचं नाव, पुढे ६.८ आणि त्याखाली जीपवाल्याचा फोन नंबर. गुलाब वाटप चालू असतानाच तिचा फोन वाजला आणि ती उठून गेली.

हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे लाल फुली आहे.