आप्पांचे पन्नास टक्के

वळवाचा पहिला शिडकावा झाला, की पुण्यातल्या बुलेटवाल्यांना ताम्हिणी घाट दिसायला लागतो. आमच्या सोसायटीतल्या आप्पांना पॉलिसी दिसायला लागते. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बुलेट मेन स्टँडवर, सीटवर प्लॅस्टिकचं फोल्डर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि भोवती दूध आणायला म्हणून उतरलेले आम्ही तिघे-चौघे. कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात, हे आप्पांना मान्य आहे. पण मोबाइल भिजतो.

"तुझं फुल आहे की नुसतं थर्ड पार्टी?" हा त्यांचा रामराम. नुसतं थर्ड पार्टी म्हणजे आपण ज्याला ठोकू त्याची सोय, आपली नाही. तेही नसेल तर पहिल्याच वेळी 2000 रुपये दंड. झिरो डेप घेतलं नसेल, तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे अर्धेच पैसे हातात येतात. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरला बोट लावायचं नाही! इंजिनाने पाणी ओढलं की कंपनी म्हणणार, ही तुमचीच करणी. गेल्या पावसात सिंहगड रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून आप्पा बुलेट ढकलत आले. ती बंद पडली नव्हती. पडेल म्हणून यांनीच बंद केली होती.

पण आप्पांचा खरा जीव एनसीबीत, म्हणजे नो क्लेम बोनसमध्ये. वर्षभर क्लेम केला नाही तर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षं तपश्चर्या केली की 50. एक क्लेम केला, की पुन्हा शून्य. मुदत संपून 90 दिवस उलटले तरी शून्य. आप्पा 50वर जाऊन बसलेत आणि तिथून हलायला तयार नाहीत. मागे मुळशीजवळ शेणावरून गाडी घसरली. आरसा, इंडिकेटर, हेडलाइट, लेगगार्ड मिळून 5200 रुपये झाले. सगळे खिशातून. "क्लेम?" मी विचारलं. एखाद्याने घरचं सोनं मोडायला सांगावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कागद घेतला. ही सूट थर्ड पार्टीच्या 1366 रुपयांवर नसते, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. जुन्या बुलेटचा तो हप्ता 700 रुपये. म्हणजे वर्षाला वाचतात 350. क्लेम करून शून्यावर आले आणि पुन्हा 50पर्यंत चढले, तरी सगळा मिळून तोटा 875 रुपयांचा. तो वाचवायला 5200 घातले!

आप्पांनी आकडेमोड दोनदा तपासली. बरोबर होती. चष्मा पुसत म्हणाले, "पैशाचं नाही रे. पन्नास टक्के आहेत ते."

"मग?"

"मला दहावीला अठ्ठेचाळीस होते."

यंदाची पॉलिसी परवा आली. आप्पांनी ती लॅमिनेट करून घेतली आहे.