ग्राहक निघाला की काय करावे

होस्टिंग कंपनी काढू पाहणाऱ्या होतकरू तरुणांनो, सर्व्हर कुठेही भाड्याने मिळतो. खरं कसब लागतं ते ग्राहक ‘आम्ही निघतो’ म्हणाला की. त्यासाठी हे चार धडे.

धडा पहिला : ‘होस्टिंग घ्या, डोमेन फुकट’ अशी जाहिरात करा आणि डोमेन नोंदवताना रजिस्ट्रंट, म्हणजे नोंदणीधारक, म्हणून स्वतःचं नाव घाला. ग्राहक असलेल्या मसाल्याच्या दुकानदाराला वाटतं, नाव आपलं. शेत तो कसतो, सातबारा तुमच्या नावाचा!

धडा दुसरा : डोमेन हलवायला ऑथ कोड लागतो. तो मागितला की विचारा, ‘कसला कोड, सर?’ मग तिकीट उघडा, ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो’ असं लिहा आणि संध्याकाळी तेच तिकीट ‘समस्या सुटली’ म्हणून बंद करा. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम करणारी ‘आयकॅन’ म्हणते, कोड ५ दिवसांत द्या. अवश्य द्या! फक्त जुन्या ईमेलवर पाठवा, जो दुकानातली नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या नावाने आहे.

धडा तिसरा : मग प्रेमाने सुचवा, ‘आधी तो ईमेल बदलून घ्या ना.’ रजिस्ट्रंटचं नाव किंवा ईमेल बदललं की बहुतेक ठिकाणी ६० दिवसांचं कुलूप लागतं. तोवर होस्टिंगची जुनी थकबाकी उकरून काढा. त्या कारणावरून डोमेन अडवता येत नाही. पण हे ग्राहकाला कोण सांगणार?

धडा चौथा : डोमेनची मुदत संपू द्या. नूतनीकरणाची वाढीव मुदतही उलटून डॉट कॉम नाव रद्द झालं, की ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात आणि त्याची दंडासकट फी नेहमीच्या नूतनीकरणाच्या कितीतरी पट असते. त्या घटकेला तुमच्याइतका कनवाळू माणूस ग्राहकाला जगात दिसत नाही.

आता दुकानदारहो, तुमच्याशी दोन शब्द. तुमचा होस्टिंगवाला पुष्कळदा नुसता मधला दलाल असतो. डोमेन नोंदवणारा खरा रजिस्ट्रार दुसराच. आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाका, रजिस्ट्रारचं नाव दिसेल. त्याला थेट गाठा. तोही दाद देत नसेल तर डॉट कॉमची तक्रार आयकॅनकडे करता येते, डॉट इनसाठी ती नावं सांभाळणाऱ्या ‘निक्सी’चं दार ठोठावा. ट्रान्सफर झाल्यावर डॉट कॉमची मुदत साधारणपणे वर्षाने वाढते, म्हणजे भरलेले पैसेही वाया जात नाहीत.

पण हे सगळं रजिस्ट्रंट म्हणून तुमची नोंद असेल तर. नसेल, तर भांडण डोमेनचं राहत नाही, मालकीचं होतं आणि तिथे बिलं नि पत्रव्यवहार घेऊन झगडावं लागतं. तेव्हा साइट सुरळीत चालू आहे, होस्टिंगवाला अजून ‘सर, सर’ म्हणतो आहे, तोवरच डोमेनचं पॅनेल उघडा, रजिस्ट्रंटचा रकाना वाचा आणि तिथे दुसऱ्याचं नाव असेल तर आजच बदलून मागा.