अण्णांचा पिवळा दिवा

सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत शिरा, एक अण्णा भेटतातच. यंत्रमाग विकून टाकलेले, मुलगा पुण्याला, आणि दारात कव्हर घातलेली एमएच-13 ची गाडी. ती विकायचा विषय काढला तर चहा मिळत नाही.

आमच्या गल्लीतल्या अण्णांची गाडी 2013 ची. तिचा चेक इंजिनचा पिवळा दिवा विझत नाही. याचं त्यांना दुःख किती आणि अभिमान किती, हे सांगणं अवघड आहे. 1 एप्रिल 2010 ला देशातल्या ज्या 13 शहरांत गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज-4 नियम आधी लागू झाले, त्यांत दिल्ली-मुंबईच्या पंगतीला सोलापूर होतं. “नागपूर नव्हतं बे त्यात!” हे अण्णा येईल-जाईल त्याला ऐकवतात. इंजिनावर नजर ठेवून हा दिवा लावणारी यंत्रणा गाड्यांना सक्तीची झाली ती याच नियमांमुळे. त्यामुळे दिवा हा अण्णांच्या लेखी शहराचा मान. फक्त तो जरा अति होतोय, एवढंच.

पहिला उपाय घरगुती. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवायची. कॉम्प्युटरची आठवण पुसली जाते, दिवा जातो, आणि अण्णा मिशीवर हात फिरवत सात रस्त्यापर्यंत चक्कर मारून येतात. दोन-चार दिवसांत होटगी रोडला दिवा हजर. मग सल्लागार जमतात. कुणी इंजेक्टर धुवा म्हणतं, कुणी पेट्रोलपंप बदला म्हणतं, एकाने तर लिंबू-मिरची सुचवली होती. पुढचा खर्च पाहता तोच सल्ला बरा होता.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. कोड आला पी-0171, म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही खबर देतो धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर. अण्णांनी एवढ्या वाक्यातलं ‘सेन्सर’ तेवढं ऐकलं आणि नवा आणला. दिवा परत आला. “डुप्लिकेट दिला त्यानं,” म्हणून दुसऱ्या दुकानातून आणखी एक आणला. दिवा त्यालाही बधला नाही.

शेवटी मी विचारलं, “अण्णा, बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारा एक काटा असायचा ना?”

“असायचा की.”

“मग माग थांबला की तुम्ही काटा बदलायचा?”

“येडा हाय का बे? धागा जोडायचा!”

मी गाडीकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, “पण ह्यात कॉम्प्युटर हाय.”

धागा सापडला तो गॅरेजमधल्या पोराला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि नुसतं ऐकलं. बारीक सूं-सूं येत होती. इंजिनाला हवा नेणाऱ्या भागावरची एक रबरी नळी तडकली होती. मे महिन्यात पारा 42 च्या वर जाणाऱ्या गावात बॉनेटखालच्या रबराने किती वर्षं तग धरावा? भेगेतून जास्तीची हवा आत शिरायची, कॉम्प्युटर भरपाईला पेट्रोल वाढवत जायचा, आणि त्याची मर्यादा संपली की दिवा लावायचा. म्हणजे सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होता. नवी नळी किलोभर शेंगाचटणीपेक्षा स्वस्तात आली.

दिवा विझला, पण अण्णांचा विश्वास बसेना. बल्बच उडाला असणार, असा त्यांचा कयास. म्हणून रोज सकाळी ते इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून पाहतात. दिवा लागतो. मग इंजिन सुरू करतात, तो विझतो. बल्ब ठणठणीत आहे. “उद्या बघू,” म्हणतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गाडीला 0171 आला तर आधी नळ्या तपासा. आणि सेन्सर हवाच असेल, तर दुकानात जाऊ नका. अण्णांकडे चांगले चालणारे पडून आहेत.