डब्ल्यूएच सर

भोकरदन असो, परतूर असो की मंठा, बसस्टँडजवळ एक अरुंद जिना असतोच. खाली झेरॉक्स, वर इंग्लिशचा क्लास. 'फाडफाड इंग्रजी' ही पाटी अर्थात मराठीत. सरांचं खरं नाव आधार कार्डावर असेल. गावाला ते डब्ल्यूएच सर म्हणूनच ठाऊक.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीचं पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं, आणि तरीही 'व्हेअर यू गो?' असंच विचारतं. या मधल्या अंतरावर सरांची बुलेट आणि जालन्यातला प्लॉट उभा आहे.

दहावीच्या पेपरात एक प्रकार असतो. वाक्य देतात, त्यातल्या काही शब्दांखाली रेघ मारतात, आणि तेच शब्द उत्तर म्हणून येतील असा 'डब्ल्यूएच' प्रश्न, म्हणजे व्हॉट, व्हेअर, हू वगैरेंचा, तयार करायला सांगतात. उत्तर आधी, प्रश्न मागून. मार्क एखाद-दुसरा, पण सरांनी सगळं आयुष्य त्यावर बेतलंय.

फळ्यावर वाक्य ठरलेलं : 'रामू सोल्ड मोसंबी इन जालना.' (जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली जीआय टॅग मिळाला, हेही जाता जाता ऐकावं लागतं.) मग लाल खडूनं 'इन जालना'खाली रेघ. पोरं ओरडतात, 'व्हेअर रामू सोल्ड मोसंबी?' सर डोळे मिटतात. भर उन्हात चप्पल तुटल्यासारखा चेहरा करतात. खोडून लिहितात, 'व्हेअर डिड रामू सेल मोसंबी?' आता रेघ 'रामू'खाली. नुकतीच शिकलेली पोरं जोरात म्हणतात, 'हू डिड सेल मोसंबी?' परत डोळे बंद. 'हू सोल्ड मोसंबी!'

मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, इथं 'डिड' कामून नाही?"

या प्रश्नाची सर वाटच बघत असतात. "डिड हा सालगडी रे! भूतकाळाचं ओझं तो उचलतो, म्हणून 'सोल्ड'चं 'सेल' होतं. पण 'हू' म्हणजे खुद्द मालक. मालकच वावरात उतरला तर गडी कशाला पाहिजे?" व्याकरणाची जाडजूड पुस्तकं चाळली, पण याहून सोपं मला कुठं सापडलं नाही.

घरी बाई म्हणतात, "अहो, दूध संपलं." सर मनातल्या मनात 'दूध'खाली रेघ मारतात आणि विचारतात, "व्हॉट इज फिनिश्ड?" दूध शेवटी बाईच आणतात. दुसऱ्या कुणाची सोयरीक बघायला गेले तर पोरीला नाव विचारत नाहीत; ती आपणहून सांगते, आणि मग सर तिच्या उत्तराचा प्रश्न करून दाखवतात. ते लग्न जमलं नाही.

मात्र पालकानं "इंग्रजी कव्हा येईल, सर?" असं विचारलं, की 'व्हेन' एकदम अभ्यासक्रमाबाहेर जातं. "आधी ॲडमिशन घ्या, बसू द्या पोराला," म्हणत सर पावतीपुस्तक काढतात.

परवा मागच्या बाकावरचं तेच पोरगं उभं राहिलं. "सर, व्हाय डू यू टेक फीज इन ॲडव्हान्स?" 'डू' जागच्या जागी, वाक्य बिनचूक. सरांनी त्याची पाठ थोपटली, सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. उत्तर काही दिलं नाही, आणि फीही कमी केली नाही.